सुमनच्या नवसाची वाट

भूगोलाच्या मास्तराला प्रवासाची आवड असते असा लोकांचा समज आहे. मला ती कधीच नव्हती. तीस वर्षं मी फळ्यावर गोदावरी काढली, त्र्यंबकच्या डोंगरातून निघून बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत, आणि तेवढ्या प्रवासावर माझं भागत होतं. तरीही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, भर चैत्रात, मी एकटाच कोल्हापूरहून नाशिकला गेलो. का गेलो ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं म्हाताऱ्याचं खूळ वाटेल.

पंच्याण्णवच्या जानेवारीत मी नववीची सहल घेऊन नाशिकला गेलो होतो. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना मुलांना सह्याद्रीच्या रांगा दाखवत होतो आणि दाखवता दाखवता खाली बसलो तो थेट दवाखान्यात जागा झालो. हृदयविकाराचा झटका. सुमन, माझी बायको, कोल्हापूरहून धावत आली आणि तीन आठवडे तिथंच राहिली. त्या दिवसांत तिनं वणीच्या गडावरच्या देवीला, सप्तशृंगीला, नवस बोलला. काय बोलली ते मी विचारलं नाही. माझा देवावर विश्वास नव्हता आणि तिचा माझ्यापुरता पुरेसा होता.

पुढं दर फाल्गुनात ती म्हणायची, यंदा चैत्रात गडावर जाऊ. दर चैत्रात माझ्याकडं दहावीचे पेपर तपासायला यायचे. पेपर संपले की ऊन फार, ऊन संपलं की पाऊस. एका वर्षी एकही सबब उरली नाही, तेव्हा मी सांगितलं की डॉक्टरांनी मला चढ चढायला बंदी केली आहे. डॉक्टरांनी तसं काहीही सांगितलं नव्हतं. सावकाश चढा, असंच ते म्हणाले होते. सुमननं मान हलवली आणि पुन्हा विषय काढला नाही. अशी सात वर्षं गेली आणि आठव्या वर्षी फाल्गुनात, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, ती गेली.

तिची ट्रंक आवरताना मला पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडला. सगळी नाशिकची, ताराबाई नावाच्या कुणा बाईनं दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. दरवर्षीचा मजकूर जवळपास एकच होता. 'ताई, यंदा चैत्रात येणार ना? दोन वेली ठेवल्या आहेत.' मला त्याचा काही अर्थ लागेना. मी ताराबाईंना सुमन गेल्याचं कळवलं आणि नवस काय होता ते विचारलं. उत्तर आलं, 'कार्डावर मावणार नाही. वर्ष झालं की या.' घरात माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत देवाच्या यात्रेला जात नाहीत, ही रीत त्यांच्याकडंही होती आणि आमच्याकडंही. ते वर्ष मी कसं काढलं ते मला सांगता येणार नाही. देव मला मान्य नव्हता, पण भांडायला कुणीतरी हवं होतं, म्हणून रोज सकाळी चहाच्या वेळी मी त्याच्याशी भांडत असे.

पंचवटी

रामनवमी होऊन गेली होती आणि एकादशीच्या रथाची तयारी चालली होती. पंचवटीच्या गल्ल्यांतून रिक्षा, स्कूटर, पुजारी आणि भाजीच्या टोपल्या एकमेकांना वाट न देता सुखरूप पलीकडं कशा जातात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी मिसळ खाल्ली. कोल्हापूरच्या माणसानं परगावी मिसळ खाऊ नये. इथं मिसळीबरोबर पापड देतात आणि दह्याची वाटी पुढं ठेवतात, जणू पाहुण्याची काळजीच वाटते. रस्सा मात्र झणझणीत होता. मी दोनदा मागून घेतला. सुमन गेल्यापासून मी काही दोनदा मागून घेतलं नव्हतं हे बाहेर आल्यावर लक्षात आलं, आणि उगाच अपराध्यासारखं वाटलं.

ताराबाई बाजाराच्या तोंडाशी शेवंती आणि गुलाबाच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. साठीच्या, काटक, कपाळ मोकळं. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "या दाजी. लय वाट बघायला लावली." कुणा अनोळखी बाईनं मला भर बाजारात दाजी म्हणावं याचं मला आधी आश्चर्य वाटलं. मग कळलं की सुमननं त्यांना बहीण मानलं होतं. मला हे सात वर्षं माहीत नव्हतं. पाटी शेजारणीच्या हवाली करून त्या उठल्या आणि मला घरी घेऊन निघाल्या.

मखमलाबाद

त्यांचं घर गावाबाहेर मळ्यात आहे. पुढं फुलांचे वाफे, मागं द्राक्षाची लहानशी बाग. जेवायला बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा. आम्ही ज्वारी खाणारे. चैत्रात बाजरी अंगाला उष्ण, असं मी बोलून गेलो, तेव्हा ताराबाईंनी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या की आता झाली थंड.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बागेत नेलं. तिथं पेठकडच्या डोंगरातून कामाला आलेल्या तीन-चार बाया छाटणी करत होत्या. मी द्राक्षाच्या बागा चित्रात पाहिल्या होत्या, हिरव्यागार, मांडवावर लगडलेल्या. इथं कात्री एकसारखी चालत होती आणि वेली पार उघड्या होत होत्या. सगळी पानं, सगळ्या फांद्या जमिनीवर. मांडवाच्या तारांतून वरचं ऊन सरळ खाली पडत होतं. कापल्या जागेतून पाण्याचे थेंब गळत होते. मी एक थेंब बोटावर घेतला. एवढ्या उन्हात एवढं कापलंत तर वेल मरेल, मी म्हणालो. काम करणाऱ्या बाया एकमेकींकडं बघून हसल्या. ताराबाईंनी समजावलं की ही छाटणी फळासाठी नसतेच. वर्षात दोनदा कापावं लागतं. चैत्रात कापायचं ते नुसती काडी तयार व्हावी म्हणून. ती उन्हाळाभर, पावसाळाभर पिकते. मग दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा कापायचं, तेव्हा फळ येतं. पाणी गळतं चार दिवस, मग आपोआप थांबतं आणि काडीवरचे डोळे फुगायला लागतात.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. माझं सगळं वर्ष डोळ्यांसमोरून गेलं. या वर्षाकडून मी फळ मागत होतो, शांती मागत होतो, आणि ते येत नाही म्हणून चिडत होतो. आपलं काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. आपली काडी पिकायचीच आहे, एवढंच असेल का, असं त्या बागेत पहिल्यांदा मनात आलं. मनावरचं ओझं थोडं हललं, हे मला स्पष्ट कळलं.

बागेच्या कडेला दोन वेली न कापता ठेवल्या होत्या. त्यांच्यावर पानं होती आणि पानांआड पिवळट, मधाच्या रंगाची द्राक्षं. ताराबाई त्यांच्यापाशी थांबल्या आणि त्यांनी नवस सांगितला.

माझ्या आजारपणाच्या तिसऱ्या दिवशी सुमन त्यांच्या पाटीशेजारी येऊन बसली होती. काही खात नव्हती, बोलत नव्हती. ताराबाईंनी तिला द्राक्षाचा घड दिला. तिनं एक मणी तोडला, हातात धरला आणि परत ठेवला. म्हणाली, आई सप्तशृंगी, माझ्या माणसाला उठव. मी त्याला चालवत तुझ्या गडावर घेऊन येईन. तोवर मला द्राक्ष वर्ज्य.

मी खाली बसलो. कोल्हापुरात दर माघात मी द्राक्षं आणत असे. सुमन म्हणायची, माझे दात आंबतात. मी तिची चेष्टा करायचो की गूळ खाऊन वाढलेल्या माणसाला द्राक्षाची चव काय कळणार. एका वर्षी हट्टानं अगदी साखरेसारखी गोड शोधून आणली आणि ती खाल्ली नाही म्हणून रागावलो. तिनं ती शेजारच्या पोरांना वाटली. सात वर्षं. आणि तिला त्यातून सोडवणं सर्वस्वी माझ्या पायांत होतं.

मी ताराबाईंना डॉक्टरांबद्दलचं खोटं सांगून टाकलं. हे मी तोपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पदरानं तोंड पुसलं.

"तिला ठाऊक होतं, दाजी. तिनं मला लिवलं होतं. डॉक्टर नाय म्हणत नाय, हेच म्हणतेत. येतील तवा येतील."

मी विचारलं की जिनं नवस बोलला तीच राहिली नाही, तर आता तो फिटणार कसा. साडी, नारळ, पाच सवाष्णींना जेवण, जे लागेल ते करायला मी तयार होतो. ताराबाईंनी माझ्याकडं ढ विद्यार्थ्याकडं बघावं तसं बघितलं. साडीचं कुणी बोललंच नाही, त्या म्हणाल्या, नवसात बोललं ते तुम्हाला. म्हणजे देवीला वाहायची वस्तू मीच होतो, आणि ती वस्तू सात वर्षं कोल्हापुरात पेपर तपासत बसली होती. मला हसू आलं. सुमन गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो, तेही स्वतःला.

नांदुरी

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून आम्ही दिंडोरी, वणी करत गडाच्या पायथ्याला नांदुरीत उतरलो. ताराबाईंच्या डोक्यावर द्राक्षांची पाटी होती, दोन वेलींची सगळी. वर जायला घाटरस्ता आहे, एस.टी. सुटत होत्या आणि मला त्या दिसत होत्या. ताराबाईंनी चपला काढून पिशवीत घातल्या आणि एकदाही मागं न बघता पायवाटेला लागल्या. या वाटेचं नाव रडतोंडी. चढणाऱ्याचं तोंड रडवेलं होतं म्हणून, असं सांगतात.

चैत्राची यात्रा भरत होती. खानदेशातून लोक चालत येत होते. धुळ्याच्या पलीकडून निघालेले, पाच-सहा दिवसांचे चालून आलेले, डोक्यावर गाठोडी, पायांना चिंध्या बांधलेल्या, आणि तोंडात देवीची गाणी. आमच्याकडं जोतिबाला चैत्रात अशीच गर्दी असते, पण आमच्याकडं गुलाल उधळतात, माणूस ओळखू येत नाही. इथं नुसती धूळ, आणि तिनंही माणूस ओळखू येत नव्हता.

पहिल्या चढालाच माझी चप्पल तुटली. कोल्हापूरच्या माणसाची अस्सल कोल्हापुरी चप्पल देवीच्या पायथ्याशी तुटावी, यावर मागून येणाऱ्या बायका मनमुराद हसल्या. मी चपलेचा अंगठा सुतळीनं बांधला, तो दहा पावलांत सुटला. शेवटी दोन्ही चपला पिशवीत टाकल्या आणि अनवाणी निघालो. खडक तापायला लागला होता.

रडतोंडी

अर्ध्या वाटेवर माझा जीव घाबरा झाला. छाती दुखत नव्हती, पण धडधड कानांत ऐकू येत होती आणि घाम थांबेना. मी एका दगडावर बसलो. खाली नांदुरीची घरं काड्यापेट्यांएवढी दिसत होती आणि वर गडाचा काळा कडा होता. पांडवलेण्यांच्या पायऱ्या आठवल्या. तेव्हा खाली बसलो होतो तो उठलोच नव्हतो. मला मरणाची भीती वाटली, खरीखुरी. गेलं वर्षभर मी लोकांना सांगत होतो की आता आपलं काही राहिलं नाही, बोलावणं आलं तर बरंच. त्या दगडावर कळलं की ते सगळं खोटं होतं. मला जगायचं होतं. सुमनशिवायही जगायचं होतं. हे कळलं आणि मला रडू फुटलं. तिच्या अग्नीच्या वेळी मी रडलो नव्हतो, वर्षश्राद्धाला रडलो नव्हतो. त्या वाटेवर, शेकडो अनोळखी माणसांसमोर, मी लहान पोरासारखा हमसून रडलो. ताराबाईंनी पाटी खाली ठेवली आणि शेजारी बसून राहिल्या. थांबा म्हणाल्या नाहीत.

मागून पारोळ्याकडचे एक आप्पा आले. पांढरं धोतर, हातात काठी, माझ्यापेक्षा वयानं मोठे. त्यांनी गाठोडं सोडलं, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, काळपट भाकरी काढली, तिच्यावर लाल चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिली. मी भाकरी खातोय असं बघून त्यांनी विचारलं, "कोना नवस शे?" बायकोचा, मी सांगितलं. ती वारली हेही सांगितलं. ते कुणाला सांगताना माझा आवाज दर वेळी बसायचा, त्या दिवशी बसला नाही.

आप्पांनी काठी माझ्याकडं सरकवली. "दम खा भाऊ. गड कोठे पळी नही जाई रायना."

मग त्यांनी मला चालायची त्यांची रीत शिकवली. चढाकडं बघायचं नाही, पुढच्या माणसाच्या टाचेकडं बघायचं. चाळीस पावलं झाली की उभं राहायचं, बसायचं नाही. बसलं की पाय घरी जायचं म्हणतात. ताराबाई पुढं, मी मध्ये, आप्पा मागं. ताराबाईंच्या भेगाळलेल्या टाचा बघत मी चाळीस चाळीस पावलांनी चढत राहिलो. मध्ये उभं राहिलो की भोवती बघत असे. सागाचे खराटे झाले होते, पण कुसुंबाला लालबुंद पालवी फुटली होती. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या आणि त्यांचा वास उन्हात दाटला होता. ऐन उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसताना, हे डोंगर हिरवे व्हायला निघाले होते. हे कसं होतं ते मी वर्गात शिकवलं आहे, मुळं खोल जातात वगैरे. कशासाठी होतं ते शिकवलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. तिथं उभा असताना वाटलं की जे झाडाला फोडतं तेच मलाही दगडावरून उठवतंय. त्याला देव म्हणायचं असेल तर माझी आता हरकत नाही.

गड

सूर्य डोक्यावर यायच्या आत आम्ही गडावर पोचलो. तिथून देवळापर्यंत पुन्हा पाचेकशे पायऱ्या. त्या मी कशा चढलो मला आठवत नाही. इतकंच आठवतं की शेवटच्या पायऱ्यांवर मी ताराबाईंच्या पुढं होतो आणि त्यांची पाटी माझ्या डोक्यावर होती.

देवी कड्यातच कोरलेली आहे. शेंदरी, पुरुषभराहून उंच, अठरा हात, मान किंचित कलती, कुणाचं तरी म्हणणं ऐकत असल्यासारखी. वर्षभर मी जी भांडणं तयार केली होती त्यातलं एकही आठवेना. रांग पुढं ढकलणाऱ्या माणसानं चला, चला म्हणत खांद्याला हात लावला. तेवढ्यात पुजाऱ्यानं एक घड देवीच्या पायाशी ठेवून परत माझ्या हातात दिला.

बाहेर पायऱ्यांच्या कडेला आम्ही टेकलो. तो घड खायचा कुणी, हा प्रश्न मला पडला. अशा वेळी सवाष्णीला आधी द्यावं अशी रीत आहे, आणि ताराबाई तसं म्हणून बाजूला सरकल्या. मी ऐकलं नाही. सुमनची बहीण समोर असताना मी दुसरी कुणी शोधणार नव्हतो. पहिला मणी त्यांच्या हातावर ठेवला, दुसरा आप्पांच्या, तिसरा मी तोंडात टाकला. वेलीवर महिनाभर जास्त राहिलेलं फळ ते, इतकं गोड की घशाला लागलं. मी पोटभर खाल्लं. सुमनच्या वाटचं, माझ्या वाटचं, सात वर्षांचं. मग पाटी पुढ्यात घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत सुटलो आणि प्रत्येकाला सांगत होतो की आमच्या सुमनचा नवस आहे, घ्या. खाली सगळा मुलूख उन्हात पसरला होता, वणी, दिंडोरी, उघड्या बागा. वाऱ्यानं टोपी उडाली तरी मला भान नव्हतं. इतका आनंद मला झाला होता की त्याची लाजही वाटत नव्हती.

पाटी रिकामी झाल्यावर मी ताराबाईंना म्हणालो, "फार उशीर केला मी. पण फेडला एकदाचा तिचा नवस."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही कुठं फेडला, दाजी? तुम्ही तर आजबी आला नसता. ती म्हणली होती, मी घेऊन येईन. आली का नाय घेऊन?"

माझे पाय रक्ताळले होते आणि मी गडावर होतो.

"आली," मी म्हणालो.